रेघ, कात्री आणि टांका



ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाचा, शाळेचा व संस्थांचा इतिहास यावा हें योग्यच आहे. परंतु आपल्या घरोघरीं अशी एक वस्तु आहे, कीं जिच्या इतिहासाकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ती वस्तु म्हणजे कोपऱ्यांतलें शिवणाचें यंत्र. किती माताभगिनींनीं त्या यंत्रावर संसार ओढला, मुलांच्या शाळेची फी भरली, बाप्तिस्म्याचे व लग्नाचे पोषाख शिवून दिले, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु अंगावरचा झगा कापडांत उतरण्यापूर्वीं कागदावर कसा उमटतो, तो कागद कोण रेखाटतें, कोण विकतें, कोण चोरतें, आणि त्या रेघेबरहुकूम टांके घालणाऱ्या हातांच्या पदरांत काय पडतें, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत पॅरिस व न्यूयॉर्क या दोन शहरांत या सर्व गोष्टी अगदीं उघडपणें घडल्या. त्यांचा थोडक्यांत आढावा घेण्याचा येथें विचार आहे.

वेषभूषेचीं छापील चित्रें काढण्याची प्रथा फ्रान्समध्यें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रुजली. ‘गालरी दे मोद’ या नांवाची चित्रमाला सन १७७८ पासून पॅरिसमध्यें निघूं लागली. तींतील चित्रें धातूच्या पत्र्यावर कोरून छापीत व मग हातानें रंगवीत. एकोणिसाव्या शतकांत स्त्रियांच्या मासिकांचा सुकाळ झाला व प्रत्येक अंकाबरोबर असें एकादें रंगीत चित्र जाऊं लागलें. यांपैकीं पुष्कळ उत्तम चित्रें स्त्रियांच्या हातचीं आहेत. आलेक्सांद्र कोलँ या चित्रकाराच्या एलोइझ, आनाईस व लोर या तीन कन्यांनीं अनेक वर्षें हेंच काम केलें. त्यांच्या चित्रांत झग्याची प्रत्येक चुणी, प्रत्येक गुंडी व लेसची प्रत्येक कड स्पष्ट दिसते, आणि याचें कारण व्यवहाराचें आहे. दूरच्या गांवची शिवणारीण तें चित्र समोर ठेवून कापड बेतीत असे. चित्रांत जें दिसलें नाहीं तें तिला शिवतां येत नसे.

त्या काळीं गिऱ्हाईक कापड विकत घेऊन शिवणारणीकडे नेई व आपल्या मनासारखें शिवून घेई. हा क्रम चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नांवाच्या एका इंग्रजानें उलटा केला. त्यानें सन १८५८ सालीं पॅरिसच्या ‘र्‍यू द ला पे’ या रस्त्यावर भागीदारींत दुकान काढलें. नमुने आधींच तयार करून ते जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून दाखवावयाचे, गिऱ्हाइकानें त्यांतला एक निवडावयाचा, आणि मग तो तिच्या मापानें शिवून द्यावयाचा, अशी रीत त्याच्या दुकानानें रूढ केली. शिवणाराचें नांव कापडावर आलें आणि तेव्हांपासून नमुना ही एक विकावयाची वस्तु झाली. पुढचा सारा तंटा या एका गोष्टींतून निघाला.

अटलांटिक महासागराच्या पलीकडे त्याच सुमारास दुसरी एक युक्ति निघाली. कपड्यांच्या कागदी नमुन्यांचे तक्ते मासिकांबरोबर पूर्वींपासून येत असत. परंतु एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या असत, आणि माप तर एकच असे. त्या जाळ्यांतून हवी ती रेघ शोधून, उतरून घेऊन, आपल्या अंगाच्या मानानें ती वाढवावयाची किंवा कमी करावयाची, हें काम सोपें नव्हतें. एबेनेझर बटरिक या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील शिंप्यानें सन १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कापून तयार केलेले कागदी नमुने विकावयास काढले. हे नमुने पातळ कागदाचे असत. त्यांवर अक्षर छापलेलें नसे. केवळ भोंकें पाडलेलीं असत, आणि कोठें चुणी घ्यावयाची व कोठें जोड द्यावयाचा तें त्या भोंकांवरून ओळखावें लागे. रेघा व सूचना छापलेले नमुने अमेरिकेंतील मॅक्कॉल या कंपनीनें सन १९१९च्या सुमारास आणले. घरांत शिवणयंत्र आणि पाकिटांत कागदी नमुना अशी जोडी जमल्यावर सामान्य कुटुंबांतील स्त्रीलाहि नव्या तऱ्हेचा पोषाख स्वतःच्या हातानें करतां येऊं लागला. या लहानशा कागदाचे उपकार फार मोठे आहेत.

आतां पॅरिसकडे वळूं. पॉल प्वारे हा सन १८७९ सालीं एका कापडवाल्याच्या घरीं जन्मला. बापानें त्याला छत्र्या करणाऱ्या कारखानदाराकडे उमेदवारीला ठेवलें. तेथें उरलेले रेशमाचे तुकडे गोळा करून तो रात्रीं एका लहान लांकडी बाहुलीला नटवीत बसे. पुढें त्यानें पोषाखांचीं रेखाचित्रें काढलीं व तीं शेरुई या प्रसिद्ध शिवणगृहाच्या चालिकेनें विकत घेतलीं. दुसे व वर्थ या दोन नामांकित गृहांत नोकरी केल्यावर सन १९०३ सालीं त्यानें स्वतःचें दुकान थाटलें. त्या काळच्या स्त्रिया कमरेला कॉर्सेट नांवाचा कडक पट्टा घट्ट आवळून बांधीत. प्वारेनें तो काढून टाकला व खांद्यावरून सरळ खालीं पडणारा, उंच कमरेचा झगा पुढें आणला.

परंतु या लेखाच्या दृष्टीनें प्वारेचें महत्त्व निराळें आहे. आपल्या झग्यांचीं चित्रें त्यानें मासिकांच्या जुन्या पठडींतील कारागिरांकडून करून घेतलीं नाहींत. सन १९०८ सालीं पॉल इरीब या पंचविशींतील तरुण चित्रकाराला त्यानें बोलाविलें, व दहा चित्रांचा एक संग्रह २५० प्रतींपुरता काढला. या चित्रांत मागचें सामान काळ्यापांढऱ्या रेघांत आहे आणि झगे तेवढे निर्भेळ, सपाट रंगांत आहेत. छायाप्रकाश नाहीं, लेसचे तपशील नाहींत, गुंड्यांची मोजदाद नाहीं. तीन वर्षांनीं, सन १९११ सालीं, जॉर्ज लपाप या दुसऱ्या चित्रकाराकडून त्यानें तसाच दुसरा संग्रह करविला; त्याच्या एक हजार प्रती निघाल्या. वाचकांनीं येथें एक फरक ध्यानांत घ्यावा. कोलँ भगिनींच्या चित्रावरून झगा शिवतां येत असे. इरीब आणि लपाप यांच्या चित्रावरून झगा शिवतां येत नाहीं. तो अंगावर असावा अशी इच्छा मात्र उत्पन्न होते. चित्राचें काम शिकविण्याचें होतें, तें मोहविण्याचें झालें.

लपापच्या संग्रहांतील स्त्रियांच्या डोक्यांवर फेटे दिसतात, आणि त्यांचा संबंध आपल्या देशाशीं आहे. प्वारेनें सन १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत ही हकीकत दिली आहे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पदार्थसंग्रहालयांत त्यानें हिंदुस्थानी पगड्या व फेटे यांचा संग्रह पाहिला आणि तो थक्क झाला. त्यानें लागलीच आपल्या शिवणगृहांतील एका मुख्य कारागिरणीला लंडनला पाठविलें. तिनें कपाटांसमोर बसून प्रत्येक फेट्याची गुंडाळी, पीळ व घडी पाहून तिच्या नकला केल्या, आणि थोड्याच दिवसांत पॅरिसभर फेटे झाले. ज्या अनाम हातांनीं ते मूळचे फेटे बांधले, त्यांना ही गोष्ट कधीं कळली असेल असें वाटत नाहीं. आपल्या नमुन्यांची नक्कल झाली म्हणून पुढें ज्या प्वारेनें एवढा आकांत केला, त्यानें हेंहि आठवावयास हवें होतें.

याच सन १९११मध्यें प्वारेनें आपल्या मुलीच्या नांवावरून ‘एकोल मार्तीन’ ही शाळा काढली. कामकरी कुटुंबांतील साधारण बारा वर्षांच्या मुलींना तेथें घेत. त्यांना बागेंत, प्राण्यांच्या संग्रहालयांत नेत व मनाला येईल तसें काढूं देत. शिक्षकानें चित्र सुधारावयाचें नाहीं असा नियम होता. मुलींनीं पानें, फुलें, फळें ठसठशीत रंगांत काढलीं, आणि त्यांवरून कापडें, गालिचे व भिंतीचे कागद तयार झाले. चांगल्या चित्राला प्वारे पैसे देई, हें त्याच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. परंतु माल बाजारांत गेला तो ‘मार्तीन’ या नांवानें. चित्र काढणाऱ्या मुलीचें नांव मालावर नसे.

हीं चित्रें छापण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. तिला फ्रेंच भाषेंत ‘पोश्वार’ म्हणतात. प्रथम चित्राची केवळ बाह्यरेषा छापावयाची. मग चित्रांत जितके रंग असतील तितके जस्ताचे किंवा तांब्याचे पातळ पत्रे घ्यावयाचे, व प्रत्येकांत त्या त्या रंगाची जागा कापून काढावयाची. आपल्याकडे रांगोळीचे छाप असतात किंवा पोत्यांवर नांवें रंगवितांना पत्रा ठेवतात, त्याच जातीचें हें काम आहे. एक पत्रा ठेवून एक रंग कुंच्यानें ठोकून भरावयाचा, तो वाळूं द्यावयाचा, मग दुसरा पत्रा व दुसरा रंग. एकेका चित्राला वीस-तीस पत्रे लागत, आणि प्रत्येक प्रत याप्रमाणें हातानेंच रंगवावी लागे. जाँ सोदे या कारागिरानें ही विद्या कळसाला नेली व सन १९२५ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. आज शंभर वर्षांनंतरहि त्या चित्रांचे रंग ताजे दिसतात.

सन १९१२च्या नोव्हेंबरांत ल्युसियाँ व्होगेल यानें ‘गॅझेत द्यु बाँ ताँ’ हें मासिक सुरू केलें. शेरुई, दोय्ये, दुसे, पाकँ, प्वारे, रेडफर्न व वर्थ या सात शिवणगृहांचा त्याला आश्रय होता. अंकांत साधारण दहा पोश्वार चित्रें असत. त्यांपैकीं सात या गृहांच्या पोषाखांचीं, आणि तीन चित्रकारांनीं आपल्याच कल्पनेनें रचलेल्या पोषाखांचीं. जॉर्ज बार्बिए, लपाप, शार्ल मार्तँ, आंद्रे मार्ती, पिएर ब्रिसो, बर्नार बूते द माँव्हेल हे चित्रकार त्यांत काढीत. वर्षाची वर्गणी शंभर फ्रँक होती. हा शंभरांचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. महायुद्धामुळें मासिकांत खंड पडला, सन १९२०मध्यें तें पुन्हां निघालें आणि सन १९२५मध्यें कायमचें बंद झालें.

या चित्रकारांपैकीं बूते द माँव्हेल याचा संबंध एका मराठी घराण्याशीं आला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचें त्यानें सन १९२९ सालीं पाश्चात्त्य पद्धतीच्या संध्याकाळच्या पोषाखांतलें चित्र काढलें, आणि पुढें कांहीं वर्षांनीं त्यांचेंच मराठी पोषाखांतलें दुसरें चित्र काढलें. हीं दोन्हीं चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एक गोष्ट दिसते. वस्त्रचित्रांच्या शाळेंत मुरलेल्या त्या हातानें मराठी वस्त्राची घडी व पडण तितक्याच आदरानें काढली आहे, जितक्या आदरानें पॅरिसच्या काळ्या कोटाची.

परंतु हीं सर्व चित्रें दिवाणखान्यांतलीं झालीं. कारखान्यांतलें रेखाटन वेगळें असतें. शिवणगृहांत प्रथम एक साधें रेखाचित्र होई. त्याच्या कडेला कापडाचा तुकडा टांचणीनें लावीत व नमुन्याचा नंबर लिहीत. मग मुख्य कारागीरण तें चित्र पाहून मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडावर झगा उभा करी. तो अंगावर घालून, टांचण्या मारून, खडूनें खुणा करून नीट बसविला म्हणजे तीच सुती वस्त्राची उसवलेली प्रत मौल्यवान कापड बेतण्यासाठीं नमुना म्हणून वापरीत. मुख्य कारागिरणीच्या हाताखालीं दुसरी, तिच्या हाताखालीं टांके घालणाऱ्या, आणि सर्वांच्या खालीं टांचण्या वेंचणाऱ्या व निरोप पोंचविणाऱ्या कोवळ्या मुली, अशी उतरंड असे. चित्रांतली एक वळणदार रेघ कापडांत खरी करावयाची म्हणजे कोठें तिरपें कापावें, कोठें आंत अस्तर द्यावें, कोठें कापडाला आपल्या वजनानें लोंबूं द्यावें, याचा निर्णय लागतो. तो निर्णय रेघेंत नसतो. तो हातांत असतो.

मादलेन व्हियोने या स्त्रीनें तर रेखाचित्राचा मार्गच सोडला. सन १८७६ सालीं जन्मलेली व लहानपणींच शिवणाला लागलेली ही बाई कालो भगिनी व दुसे यांच्या गृहांत तयार झाली, आणि सन १९१२मध्यें तिनें आपलें दुकान काढलें. ती लहान लांकडी बाहुलीवर कापड गुंडाळून, फिरवून, कापून नमुना रची. कापड उरेब, म्हणजे ताण्याबाण्याशीं तिरपें, धरून बेतलें तर तें अंगाबरोबर ताणतें व वळतें. हें शिंप्यांना पूर्वींपासून ठाऊक होतें; गळ्याला व बाहीला उरेब पट्टी लावणारी आपल्याकडील प्रत्येक शिवणारीण तें जाणते. व्हियोनेनें सबंध झगाच उरेब बेतला. असा झगा कागदावर काढून दाखवितां येत नाहीं, म्हणून तिनें कागद दूर ठेवला.

आतां चोरीचें प्रकरण. नमुना ही विकावयाची वस्तु झाली तेव्हां तो चोरणारेहि उभे राहिले. सन १९१३ सालीं प्वारे अमेरिकेस गेला असतां आपल्या नांवाच्या खोट्या चिठ्ठ्या लावलेले कपडे त्याला तेथें उघड विकले जात असलेले दिसले. परत येऊन त्यानें इतर गृहांच्या साह्यानें सन १९१४मध्यें नमुन्यांच्या संरक्षणासाठीं एक संघ स्थापला. व्हियोनेनें प्रत्येक अस्सल झग्याच्या चिठ्ठीवर स्वतःच्या आंगठ्याचा ठसा उठविण्यास आरंभ केला, आणि प्रत्येक नमुन्याचीं पुढून, मागून व बाजूनें छायाचित्रें घेऊन तीं वह्यांत नोंदवून ठेविलीं. त्या वह्या पुढें तिनें सार्वजनिक संग्रहाला दिल्या आणि त्या आजहि पॅरिसमध्यें सुरक्षित आहेत.

ही चोरी पेन्सिलीनें होत असे. एलिझाबेथ हॉज नांवाची अमेरिकन तरुणी कॉलेजचें शिक्षण संपवून सन १९२५ सालीं पॅरिसला गेली. तेथें ती प्रथम नकली झगे करणाऱ्या एका दुकानांत लागली व नंतर न्यूयॉर्कच्या कारखानदारासाठीं रेखाटनें काढूं लागली. खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर नव्या पोषाखांच्या प्रदर्शनाला जावयाचें, समोरून एकामागून एक जाणारे झगे डोळ्यांत साठवावयाचे, आणि बाहेर पडल्याबरोबर आठवणीनें तीं रेखाटनें कागदावर उतरावयाचीं, असें तें काम होतें. सन १९३८ सालीं लिहिलेल्या ‘फॅशन इज स्पिनॅच’ या पुस्तकांत तिनें हें सर्व मोकळेपणानें सांगितलें. फ्रान्समध्यें कायदा नमुनाकाराच्या बाजूस होता. अमेरिकेंत झग्याच्या आकाराला तसें संरक्षण नव्हतें. नकलांवर बहिष्कार घालणाऱ्या नमुनाकारांच्या संघालाच सन १९४१ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें बेकायदा ठरविलें. आतां यांतला न्याय कोणता? नक्कल ही चोरी खरी. परंतु त्या नकलेमुळेंच दुकानांतल्या नोकरदार मुलीला राजघराण्यांतील स्त्रीसारखा झगा आपल्या पगारांत मिळूं लागला, हेंहि खरें. या वादांत दोन्ही पक्षांचे वकील पुष्कळ झाले. ज्या स्त्रियांनीं अस्सल झगा शिवला आणि ज्यांनीं नक्कल शिवली, त्यांची बाजू मात्र कोणत्याच पक्षानें मांडली नाहीं.

त्यांची बाजू कळण्यासाठीं आणखी एका चित्राची कथा सांगितली पाहिजे. सन १८९०नंतरच्या वर्षांत चार्ल्स डाना गिब्सन या अमेरिकन चित्रकारानें ‘लाइफ’ या साप्ताहिकांत काळ्या शाईनें एका तरुणीचीं चित्रें काढलीं. उंच, ताठ मानेची, केस वर बांधलेली ही तरुणी ‘गिब्सन गर्ल’ या नांवानें देशभर गाजली. तिच्या अंगांत पुष्कळदां पुरुषी सदऱ्यासारखें कॉलरचें व गुंड्यांचें पोलकें असे. कचेरींत, शाळेंत, दुकानांत काम करणाऱ्या लक्षावधि मुलींना तसेंच पोलकें हवेंसें झालें, आणि तीं शिवण्याचे कारखाने न्यूयॉर्कमध्यें शेंकड्यांनीं उभे राहिले. तेथें शिवणाऱ्या मुली बहुतेक यूरोपांतून नुकत्याच आलेल्या ज्यू व इटालियन कुटुंबांतल्या होत्या. सन १९०९च्या नोव्हेंबरांत त्यांपैकीं सुमारें वीस हजार जणींनीं मजुरी व कामाचे तास यांसाठीं संप केला. पुष्कळ कारखान्यांनीं तडजोड केली. ट्रँगल नांवाच्या कारखान्यांत मात्र कामकऱ्यांच्या संघाला मान्यता मिळाली नाहीं.

सन १९११च्या मार्च महिन्याची २५ तारीख, शनिवार होता. काम सुटावयाची वेळ झाली असतां या कारखान्याच्या आठव्या मजल्यावर, कापड बेतणाऱ्यांच्या टेबलाखालच्या चिंध्यांच्या पेटींत आग लागली. टेबलांच्या वर तारेला पातळ कागदाचे नमुने टांगलेले होते. ते पेटले आणि आग मजलाभर पसरली. नवव्या मजल्यावरचें एक दार कुलुपबंद होतें. शिड्या तेवढ्या उंच पोंचेनात. खिडक्यांतून मुलींनीं उड्या घेतल्या. एकंदर १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया व मुली होत्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत मालकांची निर्दोष म्हणून सुटका झाली. सहा प्रेतांची ओळख पटली नाहीं व तीं अनोळखी म्हणूनच पुरलीं गेलीं. शंभर वर्षांनीं, सन २०११ सालीं, एका संशोधकाच्या परिश्रमानें त्या सहांचीं नांवें मिळालीं. रस्त्यावर उभी राहून ती आग डोळ्यांनीं पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नांवाची एक तरुण समाजसेविका होती. कारखान्यांच्या सुरक्षिततेचे कायदे करविण्यांत तिनें पुढें मोठा भाग घेतला व सन १९३३मध्यें ती अमेरिकेची मजूरमंत्री झाली. लपापच्या मोहक चित्रांचा संग्रहहि त्याच १९११ सालचा, हें वाचकांनीं मनांत आणावें.

पॅरिसच्या शिवणाऱ्या मुलींना ‘मिदिनेत’ म्हणत. दुपारच्या सुट्टींत थोडेंसें खाऊन भागविणाऱ्या, असा त्याचा अर्थ. महायुद्ध चालूं असतां सन १९१७च्या मे महिन्यांत जेनी नांवाच्या शिवणगृहानें शनिवारीं दुपारीं दुकान बंद राहील, पण त्या वेळेची मजुरी मिळणार नाहीं, असें जाहीर केलें. मुली बाहेर पडल्या. एका गृहांतून दुसऱ्या गृहांत हांक जात थोड्याच दिवसांत दहा हजारांवर कामकरणी गाणीं म्हणत रस्त्यावर आल्या. त्यांच्या मागण्या दोन होत्या: शनिवारची अर्धी सुट्टी मजुरीसह मिळावी, आणि महागाईकरितां दिवसाला एक फ्रँक अधिक मिळावा. आतां तो शंभराचा आंकडा आठवा. युद्धापूर्वीं ‘गॅझेत’च्या एका वर्षाच्या वर्गणीला जेवढे फ्रँक पडत, तेवढे जमविण्यास या मुलीला मागितलेली वाढ शंभर दिवस मिळावी लागली असती. संप यशस्वी झाला. ११ जून १९१७ रोजीं कायदा होऊन स्त्रियांच्या कपड्यांच्या धंद्यांत शनिवारची दुपार मोकळी झाली. पॅरिसच्या पोषाखगृहांच्या इतिहासांत हा दिवस कोणत्याहि नव्या झग्याच्या दिवसाहून मोठा मानावा असें मला वाटतें.

याच मुलींचा एक सण आपणां कॅथॉलिकांस आवडेल असा आहे. २५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा दिवस. ही संत अविवाहित तरुणींची आश्रयदात्री मानली जाते, व फ्रान्समध्यें पूर्वीं तिच्या मूर्तीच्या मस्तकावर टोपी चढविण्याची चाल होती. पुढें पॅरिसच्या शिवणगृहांत पंचवीस वर्षें पूर्ण झालेल्या अविवाहित मुलीला त्या दिवशीं मैत्रिणी हिरव्यापिवळ्या रंगाची चित्रविचित्र टोपी स्वतः करून घालीत. त्या दिवशीं काम थांबे आणि मुली हंसत रस्त्यांतून फिरत. वर्षभर दुसऱ्याच्या चित्राप्रमाणें शिवणाऱ्या हातांना आपल्या मनानें कांहीं रचण्याचा तो एक दिवस मिळे.

वस्त्रचित्रांचें राज्य फार काळ टिकलें नाहीं. सन १९११ सालींच एडवर्ड स्टायकेन यानें प्वारेच्या झग्यांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. त्याच स्टायकेनचें रंगीत छायाचित्र सन १९३२च्या जुलैमध्यें ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आलें, आणि हळूहळू कॅमेऱ्यानें कुंच्याची जागा घेतली. प्वारेचें दुकान सन १९२९मध्यें बंद पडलें व तो सन १९४४ सालीं दारिद्र्यांत वारला. व्हियोनेनें सन १९३९मध्यें काम थांबविलें. ती सन १९७५पर्यंत जगली. तिच्या गृहांत कामकरणींसाठीं भोजनगृह, डॉक्टर, दंतवैद्य व पगारी रजा यांची सोय होती, हें तिच्या उरेब बेताइतकेंच स्मरणांत राहण्यास योग्य आहे. ती स्वतः लहानपणापासून सुई धरणारी असल्यामुळें तिला तें सुचलें असावें.

आज हीं चित्रें मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांची किंमत भारी आहे. तीं अवश्य पाहावीं; त्यांत सौंदर्य आहे, आणि सौंदर्य निर्माण करणें हें हलकें काम नव्हे. परंतु पाहतांना एक प्रश्न विचारावा: ही रेघ कापडांत कोणी आणली? चित्रकाराची सही खालच्या कोपऱ्यांत असते, गृहाचें नांव मथळ्यावर असतें. तिसरें नांव पानावर कोठेंच नसतें. आपल्या गांवांत तें तिसरें नांव आपणांस ठाऊक असतें. ज्या बाईनें आपल्या मुलीचा पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा रात्रीं जागून शिवला, ती आपल्याच आळींत राहते. तिचें माप चुकलें तर तिला आपण लागलीच बोलावतों. झगा बरोबर बसला तर निरोप धाडावयास विसरतों. शिलाईची घासाघीस करूं नये, ठरलेले पैसे झगा नेतांना त्याच वेळीं द्यावे, आणि सणाच्या आदल्या रात्रीं कापड नेऊन तिची झोंप घेऊं नये. पॅरिसच्या मुलींना एवढ्याचसाठीं रस्त्यावर यावें लागलें. आपल्या शेजारणीवर ती पाळी येऊं देऊं नये.